मध्यरात्रीची घंटा आणि एका शब्दाचा वाद

हा जो दगडी कमानीचा पूल दिसतोय ना, तो चीनमधल्या सूचौ शहराच्या पश्चिमेला आहे, फंगछ्याव म्हणतात त्याला. पूल एकोणिसाव्या शतकात परत बांधलेला, पण नाव टिकलं, कारण आठव्या शतकात, थांग घराण्याच्या काळात, चांग ची नावाचा कवी इथे रात्री होडी लावून थांबला आणि त्याने चार ओळी लिहिल्या. सगळी मिळून फक्त २८ अक्षरं.

चंद्र मावळतोय, कावळे ओरडतायत, आभाळभर दहिवर. नदीकाठचे मॅपल, कोळ्यांचे दिवे, समोर उदास झोप. कुसू (म्हणजे सूचौचंच जुनं नाव) शहराबाहेर हानशान मंदिर. मध्यरात्रीच्या घंटेचा आवाज प्रवाशाच्या होडीपर्यंत येतो.

आता बघा, दहिवर गवतावर पडतं, कौलांवर पडतं, आभाळात कधीच भरत नाही. पण रात्री होडीत पडून राहिलेल्या माणसाला थंडी वरून, खालून, चहूबाजूंनी लागते, आणि ते सांगायला त्याला एवढे तीनचार शब्द पुरले. 'मला थंडी वाजतेय' नाही, 'मी' तर कुठेच नाही. अख्ख्या कवितेत भावना उघड सांगणारा शब्द एकच, उदास, बाकी सगळं पाणी, झाडं, दिवे. (७५५ साली आन लूशान नावाच्या सेनापतीचं बंड झालं, लोक जीव वाचवायला दक्षिणेकडे आले, चांग चीसुद्धा त्यातलाच असं मानतात.)

ही शिळा हानशान मंदिरातली. १९०६ मध्ये यू य्वे नावाच्या म्हाताऱ्या विद्वानाने ही कविता आपल्या अक्षरात लिहून दिली, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. कॅमेरा दुसऱ्या ओळीवर नेला की 'नदीकाठचे मॅपल' नीट वाचता येतं. गंमत म्हणजे यू य्वेला हे शब्द पटलेलेच नव्हते! एका जुन्या पुस्तकात त्याला त्या जागी 'नदीकाठचं गाव' असे शब्द सापडले होते, म्हणून शिळेच्या मागे त्याने स्वतःची वेगळी कविता कोरवली, की या एका शब्दाचं मोल हजार मोहरा आहे, आणि तो शब्द म्हणजे गाव.

मला विचाराल तर मॅपलच हवं. कारण चांग चीच्या कितीतरी शतकं आधी, दक्षिणेकडच्या छू नावाच्या प्राचीन राज्याच्या जुन्या गीतांमध्ये नदी आहे, वर मॅपल आहे, आणि नजर हजार मैल गेली की मन दुखतं अशी ओळ आहे. ते वाचलेल्या माणसाला मॅपल म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गाव म्हटलं तर काठावरची चार घरं दिसतात, बस.

आणि ही घंटा. अकराव्या शतकात ओयांग श्यू नावाच्या विद्वानाने शंका काढली की ओळ छान आहे पण मध्यरात्री काय घंटा वाजवायची वेळ असते का, मग नंतरच्यांनी दाखवून दिलं की सूचौकडच्या मंदिरांत वाजवायचे. पण खरं तर 'मध्यरात्री' हा शब्दच इथे सगळं काम करतो, चंद्र बुडाला, कावळे उठले, घंटा झाली, म्हणजे हा माणूस एवढा वेळ जागाच आहे, आणि ते त्याने कुठेही लिहिलेलं नाही. अनुवाद करणारे इथे सर्रास 'मला झोप येत नाही' घालतात, ते कृपा करून घालू नये.

थांग काळातली घंटा केव्हाच गेली. आता ३१ डिसेंबरच्या रात्री १०८ ठोके देतात, गर्दी होते.