मार्चमध्ये पेन्शन नाही, एप्रिलमध्ये दोन

नमस्कार मंडळी. आज समोर बसलेल्यांत नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातले आहेत, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले आहेत आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांतलेही बरेच दिसतायत. प्रत्येकाची पेन्शन वेगळी, पण जमाखर्चात घोटाळा होतो तो सगळ्यांचा एकाच जागी. नोकरीत पगार महिन्याचा होता आणि खर्चही महिन्याचा होता. आता पेन्शन महिन्याला, व्याज तिमाहीला, विम्याचा हप्ता वर्षातून एकदा. वही मात्र आपण अजून पगाराच्या सवयीनंच लिहितो.

केंद्र सरकारच्या पेन्शनचंच घ्या. दर महिन्याची पेन्शन त्याच महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते. अपवाद मार्चचा, ती एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येते. म्हणजे पासबुकात मार्च कोरडा आणि एप्रिलमध्ये दोन नोंदी. ज्यानं नुसतं पासबुक बघून वही लिहिली, त्याला मार्चमध्ये धडकी भरते आणि एप्रिलमध्ये हात सैल सुटतो. म्हणून जमेच्या बाजूला तारखेबरोबर 'कोणत्या महिन्याची' हा एक रकाना ठेवा. महागाई भत्त्याच्या थकबाकीचंही तेच. भत्ता जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो, जाहीर होतो नंतर, आणि फरक एकदम हातात पडतो. तो त्या महिन्याचं उत्पन्न म्हणून धरू नका.

आता व्याज. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २० लाख आहेत असं धरू. ८.२ टक्क्यांनी वर्षाचे १,६४,००० होतात, तिमाहीला ४१,०००. हे पैसे १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला येतात. पहिली तिमाही बहुतेक वेळा अपुरी असते. खातं मेमध्ये उघडलं असेल तर १ जुलैला मेपासूनचंच व्याज मिळेल. ते कमी दिसलं म्हणून पोस्टात भांडायला जाऊ नका. भांडायचं कारण वेगळं असू शकतं. ४१,००० ऐवजी ३६,९०० जमा झाले असतील, तर १० टक्के कर कापला गेला आहे. वहीत तेव्हा जमेला ४१,००० लिहा आणि खर्चाला 'कर' म्हणून ४,१००. ३६,९०० एवढंच लिहिलंत, तर ते ४,१०० परत मागायची आठवण कुणालाच राहत नाही. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे अशा घराला ही रक्कम विवरणपत्र भरून परत मिळते. वर्षाच्या सुरुवातीलाच 'मला कर लागत नाही' असं स्वघोषणापत्र दिलं, ज्याला सगळे १५-एच म्हणतात, तर कापलीच जात नाही. आणखी एक, हे व्याज योजनेच्या खात्यात तसंच पडून राहिलं तर त्यावर व्याज चढत नाही. पोस्टाच्याच मासिक प्राप्ती योजनेचंही, जिथं व्याज दर महिन्याला मिळतं, तसंच. दोन्ही थेट बचत खात्यात वळवून घ्या.

ठेव मुदतपूर्ण होऊन आली, तर तिचं मुद्दल जमेच्या बाजूला येता कामा नये. आलेल्या ३ लाख २० हजारांपैकी २० हजार व्याज. उरलेले ३ लाख तुमचेच होते, या खिशातून त्या खिशात आले. एटीएममधून काढलेले ५,००० हाही खर्च नाही, ती बदली. क्रेडिट कार्ड वापरत असाल तर खर्च खरेदीच्या दिवशी लिहा आणि बिल भरताना लिहू नका, नाहीतर किराणा दोनदा लागतो. मुलानं पुण्याहून तिकिटं काढली आणि तुम्ही त्याला पैसे पाठवलेत, तर नोंद 'मुलाला' अशी न करता 'प्रवास' अशी करा.

आता गणित मांडू. पेन्शन २४,०००. योजनेच्या तिमाही व्याजाचा महिन्याचा वाटा १३,६६७. मासिक प्राप्तीत ९ लाख असतील तर ७.४ टक्क्यांनी ५,५५०. मिळून ४३,२०० च्या आसपास. दोघांचा रोजचा खर्च, म्हणजे दूध, भाजी, वाणसामान, गॅस, वीज, मावशींचा पगार, मेंटेनन्स, औषधं, रिक्षा, हा सगळा धरून २९,०००. वरवर १४,२०० उरतात. बहुतेक वह्या इथंच थांबतात आणि माणूस निर्धास्त होतो.

आता वर्षातून एकदा येणारं लिहा. आरोग्यविमा ६२,०००. घरपट्टी ७,२००, तीही आगाऊ भरली तर महापालिका सवलत देते. स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग २,८००. उन्हाळ्यातली साठवण, म्हणजे गहू, तूरडाळ, तिखट, हळद, पापड-कुरडया, १८,०००. दिवाळी आणि मावशींचा बोनस १५,०००. लग्नकार्यातले आहेर १२,०००. पाण्याच्या फिल्टरची देखभाल ३,०००. एक प्रवास २४,०००. बेरीज १,४४,०००, महिन्याला १२,०००. त्या १४,२०० मधून आता २,२०० राहिले, आणि यात दाताची कवळी नाही की घराचा रंग नाही. नाशिककरांनी २०२७ च्या सिंहस्थासाठी वेगळी ओळ घालावी. पर्वणीला येणारा पाहुणा हॉटेलात उतरत नाही.

या १२,००० साठी दुसरं बचत खातं ठेवा आणि पेन्शन येताच ते तिकडे वळवा. ज्या महिन्यात तिमाही व्याज येतं, तेव्हा ४१,००० मधले तिसऱ्या हिश्शाएवढेच घरखर्चाला घ्या, बाकीचे पुढच्या दोन महिन्यांसाठी त्याच दुसऱ्या खात्यात. कारण साधं आहे. डोळ्यांसमोर दिसणारी शिल्लक खर्च होते.

खर्चाला सात-आठ रकाने पुरतात. वीस केलेत तर तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. बुधवारच्या बाजारातून आणलेली मेथी वेगळी आणि कोथिंबीर वेगळी लिहायची गरज नाही, 'भाजी २४०' पुष्कळ झालं. औषधं मात्र स्वतंत्र लिहा. तिथं रकमेबरोबर 'कधीपर्यंत पुरेल' ती तारीखही लिहा. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कधी १० ची असते, कधी १५ ची. एका महिन्यात तीन पट्ट्या, पुढच्यात दोनच, आणि आकडे उड्या मारतात. तारीख असली की खर्च खरंच वाढला की साठा वाढला ते कळतं.

महिनाअखेरचा मेळ असा घाला. १ तारखेला खात्यात ३८,४२० आणि हातात ३,१५०, एकूण ४१,५७०. जमा २९,५५०, खर्च २७,८६०. शिल्लक ४३,२६० असायला हवी. पासबुक भरून आणलं, पाकीट मोजलं, निघाले ४२,६४०. फरक ६२०. आधी पासबुकातल्या बारीक नोंदी बघा. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क २३६ तिथं सापडेल. उरले ३८४. ते बहुधा यूपीआयवरून केलेले चहा-रिक्षाचे. फोनमधली यादी एकदा चाळा, नाही सापडलं तर 'मेळ नाही ३८४' असं प्रामाणिकपणे लिहा आणि पुढे जा. तो आकडा किरकोळमध्ये कोंबायचा नाही. सलग तीन महिने 'मेळ नाही' वाढत गेला, तर एखादी वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जात नाही ना, ते बघा.

कंपनीतून निवृत्त झालेल्यांसाठी एक कडू गोष्ट. ईपीएसच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज ७,५०० मिळत असतील तर दहा वर्षांनीही ७,५००. त्यामुळे तुम्ही या महिन्याची तुलना गेल्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा. मे मेशी, नोव्हेंबर नोव्हेंबरशी.

आणि शेवटी ते पान, जे कुणालाच लिहायचं नसतं: दोघांतला एकच राहिल्यावरचं. ईपीएसमध्ये जोडीदाराला साधारण निम्मी पेन्शन मिळते. केंद्रीय पेन्शनमध्ये मूळ पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के असते, कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे ३०. म्हणजे भत्ता तूर्त बाजूला ठेवला तर २४,००० चे १४,४००. खर्च मात्र निम्मा होत नाही. घरपट्टी तेवढीच, मेंटेनन्स तेवढंच, मावशींचा पगार तोच. दूध, भाजी, औषध आणि विमा कमी होतात. रकान्यापुढे पेन्सिलनं हे आकडे मांडा, आणि दोघांनी एकत्र बसून मांडा. तीन महिन्यांतून एक महिना वही दुसऱ्यानं लिहावी. कोणतं व्याज कोणत्या खात्यात येतं आणि दुसऱ्या खात्याचं पासबुक कुठल्या कप्प्यात आहे, हे न विचारता त्याला सांगता आलं पाहिजे.