यादीत नसलेलं गाणं

नमस्कार श्रोतेहो. आज रॉक आणि त्यातलाच वेगवान, रांगडा प्रकार म्हणजे पंक, या गाण्यांबद्दल थोडं बोलायचंय. म्हणजे ती गाणी आपल्याला सापडतात कशी, त्याबद्दल. मला एक सापडलं ते दिवाळीत, चकल्यांच्या वासात.

साल 1988. सांगलीचं आमचं घर. मुंबईहून मामेभाऊ आला होता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याच्या पिशवीत टीडीकेची 90 मिनिटांची कॅसेट, कुणाकडून तरी भरून घेतलेली. अल्बम 'लंडन कॉलिंग', बँड द क्लॅश. मूळ कव्हरवर बघून गाण्यांची नावं बॉलपेननं बारीक अक्षरात उतरवलेली. मी मोजली. 18 गाणी.

टेपरेकॉर्डर माजघरात, आई आत सोऱ्या घेऊन बसलेली. गिटारचा कल्लोळ सुरू झाला तशी ती दोनदा ओरडली, "आवाज कमी कर रे!" दुसरी बाजू संपत आली. यादीतलं 18वं गाणं झालं. मी स्टॉप दाबायला उठलो, तेवढ्यात ड्रम सुरू झाला. एकसारखा, धावता. मग गिटार, मधेच माउथ ऑर्गन, आणि कुणीतरी सोडून गेल्यावर माणूस बोलतो तसा आवाज. आई पिठाच्या हातांनी दारात आली. म्हणाली, "हे शेवटचं पुन्हा लाव."

रिवाइंड दाबायचं, अंदाजानं थांबायचं, चुकलं तर परत. घाणे संपेपर्यंत आम्ही ते गाणं पाच वेळा ऐकलं.

पण नाव काय त्याचं? यादीत 18, कॅसेटवर 19. पुन्हा सांगतो, यादीत 18, कॅसेटवर 19. दादा म्हणाला, भरणाऱ्यानं दुसऱ्या कुणाचं तरी शेवटी घातलं असेल. मग आमच्या घरात त्याचं नाव पडलं 'चकलीचं गाणं'. वर्षानुवर्षं तेच चाललं.

इथे एक सांगतो. शब्द कळत नाहीत म्हणून इंग्रजी गाणी ऐकत नाही, असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. ख्यालातले शब्द तरी आपल्याला कुठे सगळे कळतात? सूर पोचतो ना. आणि मुलांना शाळेत एक तरी वाद्य शिकवा हो. क्वीन या इंग्लंडमधल्या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे तो पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेत एक पियानो होता म्हणून हे झालं. आपण शाळेच्या इमारतीला रंग देतो, पेटी मात्र कुलपात ठेवतो.

असो. पुढे नोकरीसाठी मुंबईला आलो. एका संध्याकाळी फोर्टात, फुटपाथवर जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्याकडे तेच कव्हर दिसलं. बास गिटार जमिनीवर आपटायला वाकलेला क्लॅशचा बास वाजवणारा पॉल सिमोनन, पेनी स्मिथनं टिपलेला तो फोटो. कव्हर उलटं केलं, गाणी मोजली. 18. यादी उतरवणाऱ्यानं काही चुकवलं नव्हतं, मुळातच 18 होती! आतली दुसरी तबकडी काढली, दिव्याखाली तिरकी धरली. जिथे गाणं संपतं आणि सुई नुसती फिरत राहते, त्या गुळगुळीत पट्ट्यात खरवडलेली अक्षरं होती. 'ट्रेन इन व्हेन.'

घडलं होतं असं. क्लॅशचा गिटारवाला मिक जोन्स, त्याचं हे गाणं एका संगीत साप्ताहिकाबरोबर फुकट वाटायचं ठरलं होतं. ते फिसकटलं, तेव्हा अल्बममध्ये घेतलं, पण तोवर कव्हर छापायला गेलेलं. डिसेंबर 1979 मध्ये अल्बम आला, तो यादीत नाव नसलेल्या गाण्यासकट. गंमत म्हणजे गाण्याच्या शब्दांतही ट्रेन कुठेच नाही, त्यामुळे ऐकून नाव ओळखणं कुणालाच शक्य नव्हतं. आगगाडी आहे ती तालात.

पंक म्हणजे नुसता आरडाओरडा, असं वाटत असेल तर हे गाणं ऐकाच. आणि अल्बम सलग ऐका, शेवटपर्यंत. दहा सेकंदांत पुढचं गाणं लावलं असतं, तर हे मला कधीच मिळालं नसतं.

त्याच रात्री बूथवरून आईला फोन लावला. नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "माउथ ऑर्गनवालंच ना रे ते?"

हो, तेच. तीन मिनिटांचं आहे. आवाज थोडा वाढवा, लावतोय.