बारा हजार एकराला की माणसाला?

राम राम शेतकरी मंडळी. आज पीएम किसान आणि नमो शेतकरीच्या हप्त्याचं बोलू. हप्ता कधी येणार ते मी सांगायची गरज नाही, ते व्हॉट्सॲपवर माझ्या आधी तुम्हाला कळतंय. आपण जरा हिशोब मांडू.

केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच, म्हणजे १२,०००. हे पैसे एकरावर नाहीत बरं का, कुटुंबावर आहेत, नवरा-बायको आणि अठराच्या आतली पोरं मिळून एक. २०१९ ला योजना आली तेव्हा दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी निघाली. त्यामुळं मंगळवेढ्यात दीड एकर मालदांडी ज्वारी करणाऱ्याला बारा हजार आणि माळशिरसला कॅनॉलखाली पंधरा एकर ऊस असणाऱ्यालाबी बाराच. एकाला एकरी आठ हजार पडले, दुसऱ्याला आठशे. बागायतदार नाराज होतील, पण मला हे बरोबर वाटतं.

ठिबकच्या अनुदानाचं मात्र उलटं आहे. तिथं पैसा क्षेत्रावर. अल्प-अत्यल्प भूधारकाला, म्हणजे थोडी जमीन असणाऱ्याला, ५५ टक्के, बाकीच्यांना ४५, आणि वर राज्य भर घालतं तेव्हा ८० आणि ७५ होतात. पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात, त्यामुळं घरात बसून केलेला हिशोब आणि खात्यावर आलेली रक्कम जुळत नाही अन मग कृषी सहाय्यकाशी भांडण. त्यात महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग संच बसवा, बिल अपलोड करा, रानात येऊन मोका तपासणी होऊ द्या, तवर पैसे तुमचेच अडकलेले. म्हणजे ज्याच्याकडं विहीर आहे, बोअरला पाणी आहे आणि हातात थोडी रोकड आहे त्यालाच हे झेपतं. सांगोल्याच्या डाळिंबाला ठिबकनं हात दिला हे खरंच आहे, पण ज्याच्या रानात पाणीच नाही त्यानं नळ्या घेऊन करायचं काय? (आणि पूर्वसंमती यायच्या आधी हौसेनं नळ्या पसरू नका, अनुदान अडकतं.)

अजून एक माणूस आहे जो ह्या दोन्ही हिशोबात कुठंच नाही. वाट्यानं रान करणारा. बी-बियाणं, खत, राबणं सगळं त्याचं, पण सातबारा मालकाचा, मालक पुण्यात, आणि हप्ता मालकाच्या मोबाईलवर टिंग करून वाजतो. कागदावर ह्यात चूक काहीच नाही, तरी मला हे पटत नाही.

सातबाऱ्याचं निघालंच आहे तर, घरातला कर्ता माणूस गेला असंल तर वारस नोंद लावून घ्या. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर पीएम किसान मिळत नाही, वारसानं आलेल्यावर मिळतं, पण फेरफार झाल्यावर, आणि नवीन अर्ज तुम्हालाच करायचाय. भावाभावात वाटणीवरनं बोलणं बंद असंल तरी तलाठ्याकडं एकत्र जा, घरी येऊन परत भांडा.

आणि पीएम किसानच्या वेबसाइटवर स्टेटसला पैसे जमा दाखवतंय पण पासबुकात नाहीत, असं झालं तर लगेच तहसीलला गाडी काढू नका. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं तिकडं पैसे जातात. मधी कुठल्या स्कीमसाठी पोस्टात नाहीतर दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं का ते आठवा, बहुतेक तिथंच पडलेले असतात.