'घेतंय' म्हणजे किती?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित)

पत्रिकेत विषय छापलाय, 'औषधे न घेण्याची पाच कारणे व उपाय'. पाच हा आकडा कार्यवाहांचा. माझ्या हातून तीन झाली तरी गोड मानून घ्या.

मी ३४ वर्षं या पंचक्रोशीत दवाखाना चालवला. त्यातली निदान २० वर्षं एक प्रश्न चुकीचा विचारत आलो : "गोळ्या घेताय ना?" याला आपल्याकडे उत्तर ठरलेलं, "घेतंय." मास्तरांनी "अभ्यास केलास ना?" विचारल्यावर "नाय" म्हणणारा या सभागृहात कोणी आहे? हात वर करा. बापूंचा आहे, पण ते पंखा वाढवायला सांगतायत.

वरच्या वाडीत एक काकी होत्या. प्रेशर १७० च्या खाली यायला तयार नाही. आधी मी लघवी वाढवणारी गोळी दिली. फरक नाही. सोबत प्रेशरचीच दुसरी गोळी, अ‍ॅमलोडिपिन, ५ मिलिग्रॅम दिली. तरी तेच. मग ५ ची १० केली. दर महिन्याला विचारायचो, "काकी, घेताय ना?" "घेतंय, डॉक्टरांनू." मी आपला पुस्तकं उघडून बसलो, की हे काही वेगळंच प्रकरण दिसतंय, मूत्रपिंडाचं असेल!

गणपतीत त्यांच्याकडे आरतीला गेलो. काकी फडताळातनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून करंज्या वाढायला लागल्या. पण गोष्ट त्या डब्याची नाही. शेजारचा डबा मी उघडला, तर आत माझ्याच हातच्या पुड्या. दहा महिन्यांच्या!

म्हटलं, हे काय?

"बाजाराक जाताना ती मुताची गोळी घेवन येष्टीत कशी बसू? डायवर माज्यासाटी गाडी थांबयतलो?"

बरं, ती नको, पण दुसरी? तर मी दोन्ही एकाच पुडीत बांधत होतो. एक नको म्हणून दोन्ही गेल्या. आणि एवढे महिने खोटं का सांगितलंत? तर म्हणाल्या, "तुमका वायट वाटात म्हणान."

म्हणजे इतके दिवस काकी माझी काळजी घेत होत्या! मी मात्र न खाल्लेल्या गोळीचा डोस वाढवत होतो. उद्या कोणी त्यांना त्या सगळ्या नेमानं खायला घातल्या असत्या, तर प्रेशर इतकं उतरलं असतं की चक्कर येऊन विहिरीच्या पायरीवरच पडल्या असत्या. पुढे पुड्या वेगळ्या केल्या, बाजाराच्या दिवशी लघवीची गोळी दुपारी घरी परतल्यावर, आणि अ‍ॅमलोडिपिन ५ वर आणली. पुरली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. देवळात दशावताराचा पडदा बांधून झालाय म्हणे.

तर भराभर. काकींचं ते पहिलं कारण, गोळी दिवसाच्या कामात बसत नाही. औषध न घेणं हे आपल्याच वाडीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे, श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच लोक औषध नीट घेतात. दुसरं कारण, गोळीचा त्रास. अ‍ॅमलोडिपिननं पाय सुजतात, प्रेशरच्याच एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागतो. साखरेच्या मेटफॉर्मिननं पोट बिघडतं, ती जेवणाबरोबर घ्या. त्रास झाला तर बंद करू नका, येऊन सांगा, दुसरी गोळी असते. तिसरं, पाकीट. सरकारी स्ट्रिपचा रंग बदलला की लोकांना औषधच बदललं वाटतं. मुंबईहून चाकरमानी तेच औषध महागड्या नावानं आणतो, मग दोन्ही चालू! पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचायला लावा. चौथं, "आता बरा वाटता." प्रेशर दुखत नाही हो, म्हणूनच तर मोजायचं. २०१७ ला देशात रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या २५ जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. त्यात कोण गोळ्या न्यायला आलं नाही याची नोंद असते, म्हणजे घरी निरोप जातो.

उपासाला प्रेशरची गोळी पाण्याबरोबर चालते. साखरेची मात्र, विशेषतः ग्लिमेपिराइड, उपाशी पोटी घेऊ नका, डॉक्टरांना आधी विचारा.

आणि डॉक्टर-सिस्टर बसलेत त्यांना : "घेताय ना?" नको. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली? राहतेच हो" असं विचारा, आणि येताना पिशवी आणायला सांगा. डबासुद्धा चालेल.

घंटा झाली. पाचवं कारण चहाबरोबर.