संक्रांतीला गावात कोण असतंय?

मंडळी, दासोपंतांनी अख्खी पासोडी, म्हणजे लांबच लांब कापड, लिहून काढली ती याच अंबाजोगाईत. तेव्हा लांबलचक हस्तलिखितांना इथं कुणी घाबरत नसणार, या भरवशावर बोलतो. विषय आहे कादंबरीच्या खर्ड्यातले कथानकाचे कच्चे दुवे आणि ते हुडकणारा लेखकांचा गट.

आधी तक्रार. हस्तलिखित वाचायला दिलं की आपल्याकडं दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एकजण म्हणतो, ‘छान झालंय, भाषा ओघवती आहे.’ दुसरा ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं दुरुस्त करून देतो. दोघांनीही मनापासून वेळ दिलेला असतो. पण भावानं जमीन विकली, तर बहिणीची सही कुठून आली, हे दोघंही विचारत नाहीत. ते विचारतो पुस्तक छापून आल्यावरचा पहिला अनोळखी वाचक. तोवर उशीर झालेला असतो.

हे सहीचं उदाहरण खरं आहे. आमच्या गटात एका मित्रानं बीडकडच्या ऊसतोड कुटुंबावर कादंबरी लिहिली. नायिका संक्रांतीला गावात हळदी-कुंकवाला जाते, तिथं बायकांच्या कुजबुजीतून तिला कळतं की भावानं बापाची जमीन परस्पर विकली. प्रसंग इतका सुरेख लिहिला होता की वाचून झाल्यावर खोली गप्प होती. तेवढ्यात आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “संक्रांतीला गावात कोण असतंय? म्हातारी माणसं आन् शाळंची लेकरं.” त्या स्वतः लहानपणी आई-बापासोबत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, राहिलेल्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परतत नाहीत. संक्रांत फडाजवळच्या कोपीत, झोपडीतच होते. पहाटे फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरून द्यायची, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून चार पैसे करायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी धरतात. त्यातली बाई हळदी-कुंकवाला गावी आली, तर टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशोब कोण देणार?

लेखक हिरमुसला, पण अजून एक घाव बाकी होता. गटातले निवृत्त तलाठी म्हणाले, “बाप वारल्यावर वारसाच्या फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, बहिणीचं नाव लागतं. तिनं हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय भावाला तिचा वाटा विकता येत नाही. आणि ते पत्र रजिस्ट्री कचेरीत, तिच्या समक्ष होतं.” म्हणजे कादंबरीचा कणाच गेला.

आता पुढचं ऐका, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. मित्रानं चार महिन्यांनी नवा खर्डा आणला. त्यात टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात भाऊ बहिणीला तालुक्याला नेतो, ‘कर्जाचे कागद आहेत’ म्हणून सही घेतो. सामानाच्या बांधाबांधीत तिचं लक्षही नसतं. आणि बातमी फडावर पोचवते गावात मागं राहिलेली आजी, फोनवरून, नातवाकडून नंबर लावून घेऊन. पहिल्या खर्ड्यात ही आजी दोन ओळींची होती. चूक दाखवणाऱ्या दोन माणसांनी लेखकाला नवं पात्र मिळवून दिलं. हे काम एकट्यानं टेबलाशी बसून होत नाही, हे मला इथं ठासून सांगायचंय.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. मूळ मुद्दे भराभर सांगतो.

गटाला ‘आवडलं का’ विचारू नका. आठवड्यानं, हस्तलिखित समोर न ठेवता, गोष्ट तोंडी सांगायला लावा. सांगणारा जिथं ‘मग कसंतरी’ म्हणतो तिथं कार्यकारण तुटलंय. जिथं तो स्वतःच्या पदरचं कारण घालतो तिथं तुम्ही ते लिहायचं विसरलात. त्या वेळी लेखकानं तोंड उघडायचं नाही. खुलासा तोंडी द्यावा लागतोय, म्हणजे तो पानावर नाही.

योगायोगाबद्दल. पात्र अडचणीत येताना योगायोग चालतो; सुटताना वाचक तो मानत नाही. एका खर्ड्यात सावकाराला ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात मारून कर्ज मिटवलं होतं. आमच्यात उमरग्याकडचे लोक आहेत. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरकडं जे झालं, त्यात हजारो माणसं गेली. तो भूकंप लेखकाची गाठ सोडवायला वापरणं त्यांना सहन झालं नाही, आणि कथानक म्हणूनही ते लंगडंच होतं. कर्ज फेडायला नायकानं काय केलं, हा प्रश्न तसाच राहिला होता.

तिसरं, प्रत्येक प्रकरणावर महिना आणि पीक लिहा. सोयाबीन काढणी, हुरडा, येळवशीचा रानातला सण, पट्टा पडणं. कागदावर एका रांगेत मांडलं की निम्म्या चुका आपोआप दिसतात. उरलेल्या निम्म्यांसाठी गटात एक शेतकरी, एक कचेरीतला माणूस आणि घर चालवणारी एक बाई असलीच पाहिजे. नुसत्या लेखकांचा गट करू नका.

जेवणानंतर मागच्या खोलीत सतरंजी टाकलीय. ज्यांनी खर्डे आणलेत त्यांनी पहिलं प्रकरण शेजारच्याला द्या, आणि तो वाचत असताना त्याच्याशी बोलू नका.