विषयांचा रकाना

(लातूर बसस्थानक, सकाळ. औसा, निलंगा, अहमदपूरकडून आलेल्या गाड्या. उतरणारी मुलं, सोबत मोठी माणसं.)

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की लातूरच्या स्टँडवर ही माणसं दिसायला लागतात. पुढे दहावी झालेलं लेकरू, मागे प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरलेली आई, नाहीतर रोजगार बुडवून आलेले वडील. फाइलीत ऑनलाइन निकालाची प्रिंट, आधार कार्ड, जातीचा दाखला, चार फोटो. काही औशाहून येतात, काही निलंग्याहून, काही थेट नांदेड-बीडकडून. ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे कसून अभ्यास करून घ्यायची इथली पद्धत, हे नाव राज्यभर झालंय, म्हणून ही पावलं इकडे वळतात.

कोणता क्लास चांगला, कोणत्या कॉलेजचा कटऑफ किती, हॉस्टेलला महिन्याला काय पडतं, हे इथं कुणालाही विचारा, उत्तर मिळेल. पण प्रवेश मिळाल्यावर कॉलेजात जो फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यातला विषयांचा रकाना बहुतेक घरं दोन मिनिटांत उरकतात. टक्क्यांवर महिनोन् महिने बोलणाऱ्या घरात विषयांवर कुणी बोलत नाही. आणि बारावीनंतर पोराला कुठे अर्ज करता येईल, कुठे येणार नाही, हे त्याच रकान्यात ठरून गेलेलं असतं.

(ई-सेवा केंद्र. संगणकासमोर बसलेला तरुण, टेबलाशी वडील, मागे उभी मुलगी.)

“सायन्सच ना, काका?”

“सायन्सच. एकोणनव्वद टक्के पडलेत पोरीला.”

पोरगी मागे उभी आहे. तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. बाकीकडे लोक सरळ कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचे. आता अर्जाच्या भाग एकमध्ये विद्यार्थ्याची माहिती आणि भाग दोनमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. हे दहा क्रम पुष्कळदा केंद्रावरचा मुलगाच सुचवतो. त्याला दोष देता येत नाही, मागे रांग लागलेली असते. पण पहिल्या क्रमांकावर जे कॉलेज लिहाल ते मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं. म्हणून कुणी सांगितलं म्हणून, नाव मोठं आहे म्हणून पहिल्या ओळीत कॉलेज टाकू नका. लागलं तर उद्या सकाळी लेकरू खरंच तिथे जाणार आहे का, राहायची सोय आहे का, हे आधी घरात बोला.

आता विषयांकडे येऊ.

(फळा. एका शिक्षिकेचा हात खडूने लिहितो: इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री. त्याखाली मोकळी जागा.)

बारावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं आहे. मेडिकल किंवा इंजिनिअरिंगकडे जायचं तर फिजिक्स आणि केमिस्ट्रीही ठरलेलेच. खरी निवड उरते ती एवढीच: गणित ठेवायचं, बायोलॉजी ठेवायचं, की दोन्ही. गणितवाला तो ए ग्रुप, बायोलॉजीवाला बी ग्रुप, दोन्हीवाला एबी. काही कॉलेजांत बायफोकल असतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे गुणांचा विषय.

गोंधळ होतो तो गणितापाशी. दहावीत गणिताने छळलेलं असतं, घरात डॉक्टरकीचं स्वप्न असतं, आणि कुणीतरी सांगतं, गणित सोडा, त्या जागी भूगोल घ्या, मार्क पडतात. ‘नीट’चाच, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचाच, पक्का निर्धार असेल तर हा सल्ला चुकीचा नाही. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एवढंच लागतं. पण ७२० गुणांच्या त्या परीक्षेत सरकारी जागेपर्यंत पोचणारी मुलं थोडी, आणि परीक्षा देणारी अफाट. ज्यांचा नंबर लागत नाही ती पुढे कुठे वळणार? इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच. आर्किटेक्चरलाही तेच. एनडीएतून, म्हणजे सैन्यदलांच्या प्रबोधिनीतून, नौदलात किंवा हवाई दलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही हवेत. लष्कराला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. गणित नसेल तर बी. फार्म. आहे, नर्सिंग आहे, बी.एस्सी. ॲग्री आहे, आणि हे रस्ते मुळीच कमी प्रतीचे नाहीत. ते माहीत असून गणित सोडलं तर ती निवड झाली. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या कित्येक घरांना हे बारावीचा निकाल हातात आल्यावर कळलं, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटलं. कारण हे सगळं समजावून सांगायला एक फळा आणि अर्धा तास पुरतो.

अजून मन ठरलं नसेल, आणि मुलाला अभ्यासाचा भार पेलवत असेल, तर दोन्ही विषय ठेवावेत असं आमचं मत आहे. भार मोठा आहे, हे खरं. ‘भार पेलवेल का’ हा प्रश्न मात्र शेजाऱ्याला नको, क्लासवाल्याला नको, त्या मुलालाच विचारा.

आणि विषय राहूनच गेला असेल, तरी सगळं संपत नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेला नियमित आणि पुनर्परीक्षार्थींच्या जोडीला ‘तुरळक विषय’ घेऊन बसणारेही असतात. बारावी झाल्यावर राहिलेला एखादा विषय असा देता येतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी दिलेल्यांनाही नीटला बसता येईल. वर्ष जातं, कष्ट पडतात, पण रस्ता आहे.

(अकरावीचा वर्ग, ऑगस्ट. अर्धे बाक रिकामे.)

अकरावी म्हणजे दहावी आणि बारावीच्या मधलं आरामाचं वर्ष, हा समज अजून जात नाही. राज्याच्या एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्रीच्या प्रवेश परीक्षेत, साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो, ऐंशी टक्के बारावीचा. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात एकूण दोनशे गुण, त्यातले शंभर एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटमध्ये कापतात, आणि तिथे अकरावीचा अभ्यासक्रम पूर्ण असतो. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावी सायन्सला पुस्तकंच इंग्रजीत भेटतात. हुशार पोरं पहिले काही महिने गप्प बसतात, घरच्यांना वाटतं अभ्यास करत नाही. त्या दिवसांत रागावू नका. शाळेतल्या जुन्या विज्ञानाच्या सरांकडे आठवड्यातून एकदा पाठवा. ती माणसं आनंदाने शिकवतात.

कॉमर्स आणि आर्ट्सबद्दल एवढंच: या शाखांना कमी टक्केवाल्यांची जागा समजणं थांबवा. सीए फाउंडेशनला, पाच वर्षांच्या लॉला बारावीची कोणतीही शाखा चालते. बीबीए, बीसीएसाठी २०२४ पासून सीईटी सुरू झाली आहे, ती कॉमर्सवाल्यांनी विसरू नये. आणि स्पर्धा परीक्षांना पदवी लागते, सायन्सची सक्ती नाही.

(सरकारी तंत्रनिकेतनची कार्यशाळा. लेथवर काम करणारा मुलगा.)

दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्या मुलाबद्दल ‘मार्क कमी होते का?’ असं विचारलं जातं. हिशेब मांडून बघा. बारावीमार्गे इंजिनिअर व्हायला दोन अधिक चार, सहा वर्षं. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन. तेही सहाच. फरक इतकाच की हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी नोकरी करण्याइतपत शिकलेला असतो, आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला त्याचे डिप्लोमाचे गुण धरले जातात, बारावीच्या सीईटीची गरज पडत नाही. ज्या घरात सलग सहा वर्षं खर्च झेपेल की नाही याची खात्री नाही, त्या घराने डिप्लोमाचा विचार सगळ्यात आधी करावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(जिल्हा परिषदेची जुनी शाळा. कपाटातून काढलेलं जनरल रजिस्टर, पिवळी पानं, निळ्या शाईतल्या नोंदी.)

हे रजिस्टर बघा. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख. शाई फिकट झालीय, तरी वाचता येतं. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या आजोबांची ही नोंद आहे, आणि तिच्यावाचून नातवाचा राखीव जागेवरचा प्रवेश अडला असता.

बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमांना जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणी लागते, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. त्यासाठी जुना पुरावा हवा. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे वडिलांचा दाखला पुष्कळदा पुरत नाही. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, कुणाची तरी नोंद शोधावी लागते. ती शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात सापडते, नाहीतर तहसील कार्यालयात गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीत. आजोबा शाळेतच गेले नसतील तर हा दुसरा मार्ग धरावा. गाव बदललं असेल, आडनाव वेगळं लिहिलं असेल, तर वेळ आणखी लागतो. हे काम बारावीच्या निकालानंतर होण्यासारखं नाही. अकरावीला प्रवेश घेतला की लगेच जुन्या नोंदी शोधायला लागा आणि कॉलेजमार्फत अर्ज करा. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना याखेरीज चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. आर्थिक दुर्बल घटकांना त्यांचा स्वतंत्र दाखला. डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला, सगळ्यांनाच.

मुलींच्या आईवडिलांनी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेश फेरीतून, झालेला हवा. ‘पोरीला इंजिनिअरिंग परवडणार नाही’ असं म्हणून तिला जवळच्या कॉलेजात बसवण्याआधी हा नियम वाचा, कळत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या.

(तालुक्यातलं एक हायस्कूल. नववीच्या पालकांची सभा. सतरंजीवर बसलेल्या आया, मागे उभे वडील.)

हे सगळं नववीत सांगायला हवं, म्हणून या शाळेने दहावीच्या आधी एक सभा ठेवली आहे. सर फळ्यावर उजवीकडून लिहायला सुरुवात करतात. अगदी कडेला व्यवसाय, त्याच्या अलीकडे पदवी किंवा कोर्स, त्याच्या अलीकडे प्रवेश परीक्षा, मग बारावीचे विषय, आणि डाव्या कडेला: नववी. एकेक पालक उभं राहून काय व्हायचंय ते सांगतं, आणि सर त्याची ओळ पूर्ण करतात. पोलीस. नर्स. शिक्षिका. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनाही बाण कुठून कुठे जातोय ते दिसतंय.

मागच्या रांगेतून एक आई विचारतात, “सर, आमच्या पोराला गणित येत नाही. पण गाडीचं इंजिन खोलून परत बसवतो. त्याचं काय लिहिता?”

सर नवी ओळ काढतात. आयटीआय, मोटर मेकॅनिक, दोन वर्षं. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयचं क्रेडिट घेऊन मंडळाची भाषा विषयांची परीक्षा दिली, तर बारावीचं प्रमाणपत्रही मिळतं. मग ओळीच्या डाव्या टोकाला येऊन ते थांबतात. “या ट्रेडला दहावी पास लागते, ताई. विज्ञान आणि गणित घेऊन. म्हणजे गणित सुटायला हवं. पस्तीस पाहिजेत, ते आपण काढू.”

“क्लास लावायला पैसे नाहीत, सर.”

“क्लास नको. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला माझ्याकडे थांबवा. आणि येताना सातवीचं पुस्तक आणायला सांगा, अपूर्णांकापासून सुरू करू.”