वॉटसनबाईंची भाची

नमस्कार मंडळी.

मुलांनी मागच्या खोलीत मांडलेलं कॉमिक्सचं प्रदर्शन बहुतेकांनी पाहिलं असेल. त्यांनीच मला सांगितलं, "मावशी, तुम्ही इंदूरला स्पायडरमॅन वाचायचात ना, मग त्याच्या प्रेमाबद्दल बोला." विषय त्यांचा आहे, आणि मला तो फार जवळचा आहे.

राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. तिथं गाइडांच्या ढिगाखाली कधीकधी अमेरिकी अंक सापडायचे. कुणाला मुखपृष्ठ नसायचं, कुणाचं शेवटचं पान गेलेलं असायचं. दादा ते रविवारी आणायचा आणि रामबागेतल्या आमच्या गच्चीवर मला मराठीत वाचून दाखवायचा. मुखवट्यामागचा स्पायडरमॅन म्हणजे पीटर. त्याचा अंकल बेन हा त्याच्या वडिलांचा भाऊ, म्हणून आमच्यासाठी ती आंट मे नव्हतीच. ती मे काकू होती.

काकू झाल्यावर सगळी गोष्टच आपल्या घरातली झाली. शेजारच्या वॉटसनबाईंच्या भाचीला पीटरनं एकदा भेटावं म्हणून काकू त्याच्या मागे लागतात. हा विषय १९६४ मध्ये निघतो आणि पीटर तो टाळतच राहतो. रामबागेत घरोघरी असंच स्थळ सुचवणं आणि असंच टाळणं चालायचं, त्यामुळे आम्हाला काही समजावून घ्यावं लागलं नाही. १९६५ च्या एका अंकात ती मुलगी पीटर नसताना त्याच्या घरी येऊन जाते, पण वाचकाला तिचा चेहरा दिसत नाही. तो दिसला १९६६ च्या नोव्हेंबरच्या अंकात. दार उघडतं आणि दारात मेरी जेन उभी असते. ते पान जॉन रोमिटा यांनी काढलं होतं. स्पायडरमॅनकडे येण्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं प्रेमकथांची कॉमिक्स काढली होती. दारात नुसत्या उभ्या असलेल्या मुलीचं चित्र इतकं बोलकं का आहे, ते यावरून कळतं.

पण मला आज बोलायचंय ते लपवण्याबद्दल.

पीटर पंधरा वर्षांचा असताना मुखवटा घालतो आणि त्या दिवसापासून खोटं बोलायला लागतो. त्याचं पहिलं प्रेम बेटी ब्रँट, वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करणारी. १९६४ मध्ये तिचा भाऊ एका झटापटीत गोळी लागून मरतो. स्पायडरमॅन तिथेच असतो. त्याचा दोष नाही हे तिला नंतर पटतं, पण तो डोळ्यांसमोर नको असं ती म्हणते. हे ती सांगते पीटरलाच. तो ऐकून घेतो आणि गप्प राहतो. दादाला या जागी पीटरची कीव यायची. मला बेटीची यायची. आपण मन कुणापाशी मोकळं करतोय हेच तिला माहीत नव्हतं.

पीटरची पुढची प्रेयसी ग्वेन स्टेसी, तिचं तर त्याहून वाईट झालं. जून १९७३ च्या अंकात स्पायडरमॅनचा शत्रू ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून फेकतो. स्पायडरमॅनचं जाळं तिला पकडतं, पण मानेजवळ एक बारीकसा आवाज छापलेला आहे: 'स्नॅप'. पडता पडता एकदम थांबवल्यामुळे बसलेल्या झटक्यानं ती गेली, असा खुलासा नंतर वाचकांच्या पत्रांच्या पानावर करण्यात आला. त्या झटक्याबद्दल लोक अजून वाद घालतात. मला मात्र दुसरंच सलतं. आपल्याला का मारलं जातंय हे ग्वेनला कळलंच नाही. ज्याच्यावर जीव टाकला तो कोण आहे, हे न कळताच ती गेली. तिच्या सुरक्षिततेसाठी म्हणून लपवलं होतं, आणि तिला विचारलं कुणीच नव्हतं.

मी नववीत होते तेव्हा वार्षिक परीक्षेच्या दिवसांत आजी हॉस्पिटलमध्ये होती. "तिला सांगू नका, पेपर आहेत," असं घरात ठरलं. आजी धाकट्या आत्याकडे गेलीय म्हणून मला सांगितलं. शेवटचा पेपर देऊन आले आणि तेव्हा कळलं. ज्यांनी लपवलं त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, यात मला कधी शंका आली नाही. तरी त्या आठ दिवसांची भरपाई अजून झालेली नाही.

त्या सुट्टीत दादानं खजुरी बाजारातून जो अंक आणला, तो ग्वेनच्या मृत्यूच्या लगेच पुढचा होता. आधीचा आम्ही वाचलेलाच नव्हता. शेवटच्या पानावर पीटर खोलीत एकटा बसलाय, मेरी जेन येते, आणि तो तिला अतिशय लागेल असं बोलून निघून जायला सांगतो. ती दारापर्यंत जाते. थांबते. मग दार आतून लावून घेते. आवाज एवढाच: 'क्लिक'. पीटर कुणासाठी रडतोय हे मला माहीत नव्हतं, तरी मी तिथेच गच्चीवर रडले.

पुढे १९८४ च्या एका अंकात मेरी जेन पीटरला सांगते की तो स्पायडरमॅन आहे हे तिला केव्हापासूनच माहीत आहे. हे मी वाचलं ते इथे आल्यावर, लायब्ररीत, थोरली पोटात असताना. वाचलं आणि मागे जाऊन ते दाराचं पान पुन्हा काढलं. त्या चित्रात ती दाराशी थबकते तेव्हा तिला सगळं ठाऊक आहे, असं धरून पाहा. मुलांनी ते पान खिडकीजवळच्या टेबलावर उघडून ठेवलंय.